आधी थांबायचं, मग चढायचं!
जुनी जीप पुन्हा कशी उभी राहते?

बालदोस्तांनो, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडबाहेर उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे त्यांना ‘वडाप’ म्हणतात. पुढच्या वेळी एक गंमत करा. गाडी उभी असेल आणि इंजिन बंद असेल, तेव्हा जरा लांब थांबून वाका आणि पुढच्या दोन चाकांच्या मधे पाहा. दोन्ही चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा दिसेल. तो एक्सल. त्या एक्सलवर, जरासा एका बाजूला, भोपळ्यासारखा फुगीर लोखंडी गोळा आहे का? मागच्या एक्सलवर तो असतोच. पुढेही असला, तर समजा की ही जीप निराळी आहे. हिची चारही चाकं इंजिनाच्या ताकदीने फिरू शकतात. हिला म्हणतात ‘फोर व्हील ड्राइव्ह’.

अशी एखादी जुनी, गंजलेली, अंगणात कोंबड्यांचं घर होऊन बसलेली जीप पुन्हा चालती करता येते का? येते! चिखल, खडक, ओढे यांतून जाण्याजोगी करता येते का? तीही येते. पण ते करताना कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, हे कळलं पाहिजे. तीच आज आपल्या लेखाची गोष्ट आहे.

जीप जन्मली कशी?

१९४० साली युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या सैन्याला एक छोटी, हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. सैन्याने १३५ कारखान्यांना पत्रं धाडली. अट काय, तर पहिली गाडी ४९ दिवसांत करून दाखवा! आणि वजन? फक्त ५९० किलो. एवढ्या हलक्या वजनात ते कुणालाच जमलं नाही. पण ‘बॅन्टम’ नावाच्या एका लहानशा कारखान्याने मुदत मात्र पाळली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली.

पुढे ‘विलिस’ आणि ‘फोर्ड’ या मोठ्या कारखान्यांनी मिळून युद्धाच्या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. विलिसचं इंजिन २.२ लिटरचं आणि ६० अश्वशक्तीचं होतं. आजच्या एखाद्या साध्या छोट्या मोटारीची ताकदही याहून जास्त असते. तरी ही गाडी डोंगर चढायची. कशी, ते पुढे पाहू.

युद्ध संपलं आणि जीप आपल्या महाराष्ट्रात आली. १९४५ साली एक कंपनी निघाली होती. तिचं नाव तेव्हा ‘महिंद्र अँड मोहम्मद’ असं होतं. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. या कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग अमेरिकेहून यायचे आणि इथे ते जोडले जायचे. पुढे हळूहळू भागही इथेच होऊ लागले. उंच बॉनेटची जी जीप आपल्या आजोबांच्या आठवणीत आहे, ती म्हणजे ‘सीजे-३बी’. तिचं नवं इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र त्याच घडणीच्या जीप पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. २०१० साली आलेली ‘थार’ ही त्याच घराण्यातली.

हे सगळं सांगायचं कारण असं, की ही गाडी मुळात रणांगणावर, झाडाखाली बसून, चार पाने आणि एक हातोडी घेऊन दुरुस्त करता यावी अशी बनवली होती. नटबोल्ट काढा, भाग वेगळा करा, नवा बसवा. म्हणूनच पन्नास वर्षांची जीपसुद्धा पुन्हा उभी राहू शकते.

जुनी जीप घ्यायची तर...

आमच्या शाळेच्या वाटेवर एक गॅरेज आहे. गेल्या हिवाळ्यात चौथीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. आत एक जीप होती, म्हणजे जीपचा सांगाडा होता. चाकं नाहीत, बॉनेट नाही, इंजिन बाजूला लाकडी ओंडक्यावर. मालक डोंगरावरच्या वाडीतले शेतकरी. पावसाळ्यात वाडीचा रस्ता चिखलाचा होतो, एसटी खालच्या फाट्यावरच थांबते. रोजचं दूध खाली आणायला आणि कुणी आजारी पडलं तर त्याला दवाखान्यात न्यायला त्यांना गाडी हवी होती. नवी गाडी परवडणारी नव्हती.

“मिस्त्रीकाका, जुनी गाडी चांगली की वाईट हे कसं ओळखायचं?” एका मुलाने विचारलं. मिस्त्रीकाकांनी खिशातून एक लोहचुंबक काढला आणि पत्र्याला लावला. चुंबक खट्‌कन चिकटला. मग दाराखालच्या चकचकीत भागाला लावला. चुंबक घसरून खाली पडला! का? तिथे पत्रा गंजून गेला होता आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग दिला होता. लोहचुंबक पुट्टीला चिकटत नाही. पाहिलंत, चौथीच्या पुस्तकातला चुंबक गॅरेजातही उपयोगी पडतो!

अशा आणखी काही खुणा असतात. चेसिस म्हणजे गाडीचा कणा. तिच्यावर हातोडीने हळूच ठोकलं की चांगलं लोखंड टण्ण वाजतं, गंजून पातळ झालेलं बद्द वाजतं. पत्रा कितीही खराब असला तरी बदलता येतो. पण कणाच मोडका असेल तर ती गाडी घेऊ नये. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिनात ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. आणि इंजिनाचं ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय.

सगळ्यात महत्त्वाचं तपासणं मात्र कागदाचं. चेसिसवर एक नंबर ठोकलेला असतो. तो आरसी बुकात लिहिलेल्या नंबराशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. तुम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासता आणि नाण्याचा ठसा काढता ना? आरटीओच्या कामासाठी चेसिस नंबरचा ठसाही अगदी तसाच पेन्सिलने काढतात. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. कागद नसलेली जीप कितीही स्वस्त मिळाली, तरी ती रस्त्यावर आणता येत नाही.

उघडणं सोपं, बसवणं अवघड

जीप मोकळी करताना घाई उपयोगाची नसते. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून ठेवतात. सकाळी तो मुकाट्याने सुटतो. जोर लावला तर बोल्टच तुटतो आणि पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो.

त्या गॅरेजात एका फळीवर रिकामे डबे ओळीने मांडले होते. प्रत्येकावर खडूने लिहिलेलं: ‘पुढचे पाटे’, ‘गिअरबॉक्स’, ‘डावा दरवाजा’. जिथले नटबोल्ट तिथल्याच डब्यात. आता मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटोही काढून ठेवतात. म्हणजे तीन महिन्यांनी जोडताना ‘ही पट्टी कुठली बरं?’ असं होत नाही.

मग एकेक भाग धुऊन, पुसून तपासायचा. कमानीचे पाटे एकावर एक रचलेले असतात. त्यातला एखादा तडकला आहे का? स्टिअरिंगचे सांधे ढिले झाले आहेत का? चाकाची बेअरिंग हाताने फिरवली की खरखर लागते का? वायर उंदरांनी कुरतडली आहे का? जुन्या वायरिंगला ठिगळं लावत बसण्यापेक्षा सगळं नवं टाकलेलं बरं, कारण जुनी वायर तापून आग लागू शकते.

आणि एक नियम, जो मिस्त्रीकाका मुलांना तीनदा सांगत होते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कुणीही शिरायचं नाही. जॅक घसरू शकतो. खाली भक्कम घोडे, म्हणजे स्टँड, लावल्याशिवाय मोठी माणसंसुद्धा खाली जात नाहीत.

चार चाकांचं गुपित

आता त्या भोपळ्याकडे वळू. त्याच्या आत दातेरी चक्रं असतात. त्यांना डिफरन्शियल म्हणतात. ते कशाला हवं?

शाळेच्या मिरवणुकीत लेझीमची रांग कोपऱ्यावर वळते तेव्हा काय होतं? आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलीला लांब ढांगा टाकत पळावं लागतं. गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एका दांड्यावर पक्की बसवली असती, तर एक चाक फरफटलं असतं. डिफरन्शियल त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं.

पण याच गुणाचा चिखलात दोष होतो. एक चाक चिखलात किंवा हवेत गेलं, की त्याला फिरायला काहीच अडथळा नसतो. सगळं फिरणं तिकडेच जातं. ते चाक गरगरतं, दुसरं कोरड्या जमिनीवर असूनही ढिम्म उभं! साध्या जीपची कथा इथेच संपते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये मात्र पुढची दोन चाकंही कामाला लागतात. मागचं एक चाक गरगरलं तरी पुढची चाकं गाडी ओढून काढू शकतात. काही जण डिफरन्शियलमध्ये ‘लॉकर’ बसवतात. तो लावला की एका एक्सलची दोन्ही चाकं बरोबरच फिरतात.

“मग बाई, चारही चाकं नेहमीच का नाही फिरवायची?” वर्गातल्या एका मुलीने विचारलं. उत्तम प्रश्न! जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल ट्रान्स्फर केस नावाच्या पेटीत एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबून जातात. चिखलात चाकं जराशी घसरतात आणि फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा ताण दातेरी चक्रांवर येतो. म्हणून चिखल आला की लिव्हर टाकायचा, डांबर आलं की काढायचा.

गणिताची ताकद

आता ६० अश्वशक्तीचं कोडं. गिअरची सायकल असेल तर तुम्हाला माहीत आहे, चढावर आपण हलका गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, चाक सावकाश फिरतं, पण जोर वाढतो. जीपमध्ये हे तीन ठिकाणी होतं.

सीजे-३बीच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २.८ वेळा फिरतं तेव्हा पुढचा दांडा एकदा फिरतो. ट्रान्स्फर केसच्या ‘लो’मध्ये ते आणखी २.४६ पट होतं. एक्सलच्या भोपळ्यात आणखी ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार करा. उत्तर ३७च्या आसपास येतं. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदाच फिरतं! वेग तितका कमी, पण जोर तितका वाढलेला. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या मारत असेल, तर गाडी तासाला तीनएक किलोमीटर जाते, म्हणजे आपण चालतो त्याहूनही हळू. खडकांतून जाणारी जीप धावत नाही, ती पाय जपून टाकत चढते. सिनेमात दाखवतात ते धूळ उडवणं निराळं.

मोठे टायर लावले तर?

आता त्या शेतकऱ्यांच्या जीपकडे येऊ. पैसे मोजकेच होते. त्यांच्या मुलाने एका मासिकात उंच, रुंद टायरांची जीप पाहिली होती. तशीच हवी, असा त्याचा हट्ट. मोठे टायर लावले की गाडी उंच होते, खडक खाली घासत नाहीत. खरंच आहे ते. पण हिशेब पुरता मांडायला हवा.

समजा, टायरचा व्यास ७२ सेंटिमीटर होता आणि आपण ८० सेंटिमीटरचा लावला. गाडी ८ सेंटिमीटर वर गेली का? नाही, फक्त ४. कारण एक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून निम्माच फायदा मिळतो. आता तोटे मोजा. एका फेरीत चाक जास्त अंतर जाऊ लागलं, पण गाडीच्या काट्याला ते कळत नाही. काटा ४५ दाखवेल तेव्हा खरा वेग असेल ४५ गुणिले ८० भागिले ७२, म्हणजे ५०! शिवाय मघाचा तो ३७ पटींचा जोर ३३ पटींवर येतो. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. स्टिअरिंगचे सांधे लवकर झिजतात.

पाट्यांची उंची वाढवून गाडी वर उचलली की आणखी एक गोष्ट होते. तिचा गुरुत्वमध्य वर जातो. हे घरी करून पाहता येईल.

करून पाहा

साहित्य: काडेपेटी, लाकडी फळी, कोनमापक.
काडेपेटी फळीवर आडवी ठेवा. सरकू नये म्हणून तिच्या उताराकडच्या कडेला फळीवर एक पेन्सिल आडवी चिकटवा. फळीचं एक टोक हळूहळू उचला. पेटी कलंडते तेव्हाचा कोन मोजा. आता तीच पेटी अरुंद कडेवर उभी ठेवून पुन्हा करा. पेटी तीच, वजन तेच, पण उभी पेटी कितीतरी आधी कलंडते.

जीपचंही असंच असतं. समजा, चाकांमधलं अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. उभी गाडी एका बाजूला ४५ अंश कलेपर्यंत तोल सांभाळेल. तो ७५ सेंटिमीटर झाला, तर गाडी ३९ अंशांतच उलटेल. चालत्या गाडीला खड्डे, वळणं आणि वर बसलेली माणसं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती याहून बरीच आधी उलटते. टपावर माणसं आणि सामान चढवू नये म्हणतात, ते याचसाठी.

आधी ब्रेक!

शेवटी मिस्त्रीकाकांनी त्या मुलाला जमिनीवर खडूने चित्र काढून दाखवलं. जुन्या जीपमध्ये ब्रेकच्या तेलाची एकच वाट असते. पायाने दाबलं की तेल एका नळीतून निघतं आणि फाटे फुटून चारही चाकांकडे जातं. आता त्यातली एकच नळी उतारावर फुटली तर? तेल तिथून वाहून जातं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो! नंतरच्या काळातल्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात. एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते.

मुलगा बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होता. वाडीचा घाट त्याच्या रोजच्या पायाखालचा. मग त्याने स्वतःच विचारलं, “काका, या दोन वाटा आपल्या गाडीला करता येतील?”

त्या जीपवर पैसे असे खर्च झाले. आधी ब्रेक, दोन वाटांचे. मग स्टिअरिंगचे सांधे. मग तडकलेले पाटे, नवी वायरिंग आणि पुढच्या बाकांना पट्टे. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे. शिल्लक राहिली ती एका जाड ओढदोरात आणि पुढेमागे भक्कम हुक लावण्यात गेली. चमकदार दिवे राहून गेले. जुलैत ती जीप दुधाचे कॅन घेऊन खाली येताना मुलांनी पाहिली. मुलं शाळेच्या कुंपणाजवळ उभी राहून ओरडली, “बाई, आपली जीप!”

पाण्याशी खेळ नको

बऱ्याच जीपना समोरच्या काचेच्या बाजूने एक उभी नळी लावलेली दिसते. तिला स्नॉर्केल म्हणतात. इंजिनाला श्वास लागतो, म्हणजे हवा लागते. हवेबरोबर पाणी आत गेलं तर घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग इंजिनातला लोखंडी दांडाच वाकतो. उंचावरून हवा घेता यावी म्हणून ही नळी.

पण नळी लावली म्हणून जीपची होडी होत नाही. वाहत्या पाण्यात दोन फूट खोली बहुतेक मोटारींना ओढून न्यायला पुरते. पाणी गाडीला खालून उचलतं, चाकांचा दाब कमी होतो आणि मग चार चाकं फिरली काय किंवा चाळीस फिरली काय, सगळं सारखंच. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर जीपनेही थांबायचं. आणि उथळ ओढा ओलांडल्यावर ब्रेक दोनचार वेळा हलकेच दाबून वाळवून घ्यायचे, कारण भिजलेला ब्रेक नीट धरत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, कारखान्याने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलण्यासारख्या काही गोष्टींना परवानगी मिळू शकते, पण ती आरटीओकडून आधी घ्यावी लागते. म्हणून काहीही कापण्या-जोडण्याआधी विचारून यायचं. आणि गाडी चालवायची ती अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, लायसन्स हातात आल्यावरच.

मोठाले टायर, लोखंडी पिंजरे, दोराने गाडी ओढणारी विंच अशी सगळी साधनं असलेल्या जीपची खरी जागा म्हणजे आखून दिलेल्या मैदानावरच्या स्पर्धा. २०१४ साली गोव्यात ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही अशी स्पर्धा पहिल्यांदा भरली. तिथे पंच असतात, वैद्यकीय मदत असते, डोक्यावर हेल्मेट असतं.

तसं मैदान म्हणजे आपला सडा नव्हे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर आहे. पावसाळ्यात त्यावर इवली इवली फुलं येतात. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा ठरली, त्यांत कासही आहे. अशा मातीवरून एक जीप गेली तर चाकोरी पडते, त्यातून पाणी वाहतं आणि माती धुऊन जाते. फुलांना पुन्हा उगवायला मातीच उरत नाही. म्हणून वाट असेल तिथूनच जायचं.

पालकांसाठी

घरात जुनी जीप किंवा नुसती जुनी स्कूटर दुरुस्त होत असेल, तर मुलांना लांब पिटाळू नका. डबे लावणं, नटबोल्ट मोजणं, यादी लिहिणं, फोटो काढणं ही कामं त्यांना द्या. वेल्डिंग, पेट्रोल आणि उचललेली गाडी यांपासून मात्र त्यांना दूर ठेवा. काय बदलायचं याचा निर्णय घेताना त्यांनाही हिशेबाला बसवा.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक गणित. टायरचा व्यास ७० सेंटिमीटरवरून ८४ केला. काटा ५० दाखवतो. खरा वेग किती? आणि गाडी किती सेंटिमीटर उंच झाली? वहीत सोडवा आणि मोठ्यांना विचारा. त्यांना आलं नाही तर तुम्हीच समजावून सांगा!

(उत्तर: ताशी ६० किलोमीटर; ७ सेंटिमीटर.)